वरून एक हात मारला की झाले!

डोक्यावर टप असलेल्या चालत्या गाडीत मानेवर थंड पाण्याचा थेंब पडला की जो संताप येतो, तो उघड्यावर भिजल्याने कधीच येत नाही, कारण उघड्यावर भिजणाऱ्याने निदान कोणाला पैसे तरी मोजलेले नसतात. मी एकाच गळतीसाठी मेपासून जानेवारीपर्यंत तीन वेळा पैसे मोजले आहेत. तिन्ही वेळा मला सांगण्यात आले की आता दहा वर्षे बघायला नको, आणि तिन्ही वेळा पुढच्याच पावसात तो थेंब माझ्या कॉलरच्या उजव्या बाजूने आत शिरला.

गाडी १९९३ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. प्यूजोच्या वंशाचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन अजून एका हाकेत सुरू होते, गिअरबॉक्सची तक्रार नाही, आणि मंगळवेढ्याकडच्या आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात जाण्याची हिंमत असलेले घरातले हे एकमेव वाहन आहे. ती माती ओली झाली की चाकांना अशी धरते की चाक दिसेनासे होऊन नुसता चिखलाचा गोळा फिरताना दिसतो, आणि नव्या चकचकीत गाड्या बांधाजवळच हात टेकतात. त्यामुळे ‘विकून टाका की ती जुनी गाडी’ असा सल्ला देणाऱ्यांनी आधी जुलैत आमच्या रानापर्यंत येऊन दाखवावे. मूळच्या कॅनव्हासच्या हूडच्या जागी आधीच्या मालकाने पत्र्याचा टप बसवून घेतला होता, आणि तो इतकी वर्षे कुरकुर न करता टिकलाही होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाच्या वाऱ्याने दारातल्या कडुनिंबाची फांदी त्या टपावर आडवी झाली. मधोमध परातीएवढा खोलगटा पडला आणि चालकाच्या बाजूला, पाणी वाहून जाण्यासाठी टपाला जी पन्हाळ असते तिच्या कडेला, बोटभर चीर गेली. नुकसान एवढेच होते. त्या चिरेत नख घातले तेव्हा पत्र्याचा तपकिरी चुरा हातावर आला, आणि मला तेव्हाच कळायला हवे होते की फांदी हे केवळ निमित्त आहे. टप आतून केव्हाच सडलेला आहे.

पहिल्या मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर दोन बोटांनी टकटक केली आणि म्हणाले, ‘‘काय काळजी करू नका ओ मालक, लांबी भरून वरून एक हात मारला की झालं.’’ (लांबी म्हणजे रंगाआधी पत्र्यावर भरतात ती पुट्टी.) मी विचारले, ‘‘आतले अस्तर काढून बघणार ना?’’ त्यावर ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे आठ महिने लागत राहिला. अस्तर काढायचे म्हणजे चाळीसेक स्क्रू, जुनाट रेक्झिन आणि त्याखालचा भुसा झालेला स्पंज काढायचा. त्याला अर्धा दिवस लागतो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. रंग दिसतो. म्हणून रंग मारला जातो.

लांबी हा प्रकार मुळात खड्डा समतल करण्यासाठी आहे, भोक बुजवण्यासाठी नव्हे, हे डेंटिंगच्या धंद्यात चार दिवस काढलेल्या पोरालाही ठाऊक असते. ती ओल शोषते. खाली गंज जिवंत ठेवून वर लांबी भरली की ती ओल गंजाला बिनबोभाट पोहोचवत राहते, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे वरच्या रंगाला फोड येऊ लागतात. माझ्या टपाला आषाढीच्या आधीच फोड आले. साडेचार हजार रुपये देऊन मी गंजाला पांघरूण घेतले होते, तेही सोलापुरी चादरीच्या निम्म्यानेसुद्धा टिकाऊ नव्हे!

दुसऱ्या महाशयांनी तर हत्यारही उचलले नाही. सिलिकॉनची नळी पिस्तुलात घातली आणि चिरेवरून, पन्हाळीवरून, शेवटी हात थरथरल्यामुळे समोरच्या काचेवरूनही ती फिरवली. गाडीत दोन दिवस व्हिनेगरचा वास येत होता. हा वास ज्या सिलिकॉनला येतो, त्यातून घट्ट होताना असेटिक आम्ल बाहेर पडते, आणि उघड्या लोखंडावर ते लावले की गंजाला आयताच खुराक मिळतो. न्हाणीघरातल्या फरशीच्या फटींसाठी असलेली वस्तू मोटारीच्या सडक्या पत्र्यावर फासून वर बाराशे रुपये मागणाऱ्या माणसाला ‘त्या नळीवर काय छापले आहे ते वाचले का’ असे मी विचारले, तेव्हा त्याने मलाच विचारले, ‘‘मालक, तुम्ही शाळेत मास्तर हाय का?’’ मी मास्तर नाही. पण त्या क्षणी मला पट्टीची फार आठवण झाली.

तिसऱ्या दुरुस्तीची कथा मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात माझेही डोके कमी चालले. हे मिस्त्री वयस्क होते, बोलणे गोड होते आणि गॅरेजच्या भिंतीवर सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची तसबीर होती, त्यामुळे मी विरघळलो. ते म्हणाले, जुना टप कापायचा नाही, त्यावरच नवा पत्रा चढवू. दुहेरी टप झाला की उन्हाळ्यात गाडी थंडही राहील. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना, पत्र्याखाली बसून ज्याने सात रस्त्याचा सिग्नल सुटण्याची वाट पाहिली आहे, त्याला ‘थंड’ या शब्दाची काय भुरळ पडते, हे मी वेगळे सांगायला नको. गणपतीपर्यंत गाडी देतो म्हणाले आणि दसऱ्याला दिली.

चढवलेला पत्रा काय होता? घरावर घालतात तो जस्त चढवलेला, २२ गेजचा, म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीचा. जुना टप १८ गेजचा, सव्वा मिलिमीटरच्या जवळपासचा. जस्ताचा पत्रा वेल्ड करताना जे होते ते लपून राहत नाही: लोखंड वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सियस लागतात, जस्त ९०७ अंशांनाच उकळून उडून जाते, त्यामुळे ज्या जोडावर गंजापासून संरक्षणाची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच जागी पत्रा नागडा होतो. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ते बिचारे तोंडाला साधा रुमालही न बांधता वेल्डिंग करत होते, आणि मनात एवढी चीड असताना त्यांची दयाही आली, हे कबूल करतो. दया आली म्हणून मी पत्र्याबद्दल गप्प बसलो. तिथेच चुकलो.

शिवाय सपाट पत्र्याला बळ नसते. टपाच्या पत्र्यावर पुढून मागे जाणाऱ्या ज्या उठावदार नळ्या काढलेल्या असतात, त्या शोभेसाठी नसून पत्रा ताठ राहावा म्हणून असतात. वेल्डिंग करताना एकेक टाका आलटून पालटून, दूर दूर अंतरावर मारून मधे थंड होऊ द्यावे लागते. एका टोकापासून सरळ ओढत नेले तर उष्णतेने पत्र्याला पोट येते. माझ्या पत्र्याला नळ्या नव्हत्या आणि पोट मात्र सुरेख आले होते. होटगी रस्त्यावर ताशी पन्नासचा वेग गाठला की डोक्यावर हलगी सुरू होई. कोणी मिरवणूक काढली आहे असे वाटून रिक्षावाले मागे वळून पाहत.

एवढे होऊनही टप गळायचा थांबला असता, तर मी हलगी ऐकत निमूट गाडी चालवली असती. कोजागरीच्या आदल्या दिवशी परतीच्या पावसाने आम्हाला तुळजापूरच्या रस्त्यावर गाठले. दर वर्षीप्रमाणे देवीला पायी निघालेल्या भाविकांनी रस्त्याची एक कड भरून गेली होती. प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन ती माणसे मजेत चालली होती, आणि आमच्या गाडीत, चौदा हजार रुपयांच्या दुहेरी टपाखाली, आई मागच्या बाकावर छत्री उघडून बसली होती. ‘‘अरे, टप आहे ना रे या गाडीला?’’ असे तिने अगदी शांतपणे विचारले. मला उत्तर सुचले नाही. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेले पाणी पाऊस थांबल्यावरही बाहेर पडत नव्हते. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असताना, दारात उभ्या असलेल्या गाडीत ते टपटप गळत होते.

गोड बोलणाऱ्या मिस्त्रींनी ‘गड्ड्याच्या आधी एकदा बघून देतो की ओ’ असा शब्द दिला. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी आमची सिद्धेश्वरांची जत्रा. संक्रांत झाली, अक्षता सोहळा झाला, नंदीध्वज मिरवून झाले, गड्ड्यातले पाळणेसुद्धा उतरले. शेवटी एका रविवारी मीच पाना आणि पेचकस घेऊन अस्तर उतरवले. आत जे दिसले ते सांगताना अजून हात शिवशिवतात. सर्वांत खाली आधीच्या मालकाच्या काळातला गंज होता, त्यावर लांबीचा अर्धा इंच जाड थर, त्यावर सिलिकॉनची रबरी जीभ आणि त्यावर नवा कोरा पत्रा. पेचकस टेकवताच लांबीचा तळहाताएवढा तुकडा अखंड निघून हातात आला, आणि त्याच्या मागच्या बाजूला चक्क वर्तमानपत्राचा बोळा चिकटलेला होता. भोकातून लांबी खाली पडू नये म्हणून आधाराला कागद कोंबला होता! त्या बोळ्यावरची एका सवलतीच्या विक्रीची जाहिरात अजून वाचता येत होती.

करायला हवे होते ते काम काही चंद्रावरचे नाही. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, त्याच गेजचा तुकडा वाकवून कडेला कड लावून घाई न करता एकेक टाका मारत वेल्ड करायचा, दोन्ही बाजूंनी प्रायमर मारायचा, सांध्यात मोटारीसाठी मिळणारा सीलर भरायचा आणि मग हवा तो रंग द्यायचा. दोन दिवसांचे काम आहे. मी तिघांनाही ‘जास्त पैसे देतो, पण असे करा’ म्हटले होते, आणि तिघांनाही तो आपला अपमान वाटला.

वर सल्लागारांची जत्रा आहे ती वेगळीच. टपाचा विषय काढला रे काढला की कोणी म्हणतो सनरूफ काढून घ्या, कोणी म्हणतो वर एलईडीची पट्टी लावा, कोणी भलेमोठे कॅरियर बसवा म्हणतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात तेच ठणकावले आहे, आणि बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे, हे यांच्या गावीही नसते. अरे, ज्या टपाला पाणी अडवता येत नाही त्याला मी मुद्दाम आणखी एक भोक पाडू?

शेवटी ठरवले की पत्रा नकोच, गाडीला तिचे मूळचे कॅनव्हासचे हूडच परत घालावे. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगून विणीतली छिद्रे आपोआप मिटतात, तो सडत असेल तर डोळ्यांना दिसतो, आणि त्याला लांबी फासता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पण ज्या शहराची चादर भौगोलिक मानांकन मिळवते, ज्याचे टॉवेल परदेशी जातात, जिथे पूर्व भागातल्या गल्ल्यांत मागाचा खडखडाट ऐकतच पोरे मोठी होतात, त्या शहरात जीपचे हूड शिवून देणारा माणूस शोधताना माझे चार शनिवार गेले. तंबू शिवणारे म्हणाले, हूडखालच्या कमानींचे माप आम्हाला जमणार नाही. सीट कव्हरवाल्यांनी रेक्झिनचे नमुने पुढे टाकले. ताडपत्रीवाल्याने निळी प्लास्टिकची ताडपत्री दाखवून ‘ही पण दोरीने बांधता येते की’ म्हटले. एकाने हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवा असा सल्ला दिला. तिथे जीपगाड्यांचा मोठा धंदा आहे, हे खरे. पण वस्त्रनगरीत राहून कापडासाठी हरियाणाकडे तोंड करायचे, हे लाजिरवाणे आहे की नाही?

आता गाडी दारात उघडीबोडकी उभी आहे. दोन्ही पत्रे मी ग्राइंडरने कापून भंगारात घातले. एकूण १९,७०० रुपयांच्या दुरुस्तीचे भंगारवाल्याने किलोवर वजन केले आणि हातावर सहाशे चाळीस रुपये ठेवले. कमानी एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे वाकायला दिल्या आहेत. काल संध्याकाळी गोड बोलणाऱ्या मिस्त्रींचा फोन आला. मला क्षणभर वाटले की माणसाला उपरती झाली. ते म्हणाले, ‘‘मालक, तुमच्या टपाचं ध्यानात आहे बरं का. गाडी आणून सोडा, यावेळी डांबर मारून देतो की ओ वरून.’’