बॅटरी नाही गेली, वायर बदला!

डायनॅमो काढून ५५ अँपिअरचा आल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवलेली जुनी डिझेल जीप काल गॅरेजमधून परत आली. बॉनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. चार्जिंगची वायर तीच जुनी, अडीच चौरस एमएमची, डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरला वळसा घालून येणारी! त्या मीटरवर तीस-शून्य-तीस लिहिलंय, म्हणजे झेप तीस अँपिअरचीच, ते काय शोभेला? इन्सुलेशन करपलेलं, आणि त्यावर काळी टेप. टेप! कोकणात! दोन पावसाळ्यांत जोडाच्या आत तांबं गंजून हिरवं पीठ. वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून क्रिम्प करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायला असे किती पैसे पडतात?

वर गिऱ्हाइकाला सांगितलं काय, तर बॅटरी गेली, नवी घ्या. अरे, मल्टिमीटर लावून बघा की! इंजिन रेस करून, हेडलाइट चालू ठेवून आल्टरनेटरच्या बी प्लसवर (करंट बाहेर पडतो त्या टोकावर) १४.२ व्होल्ट, बॅटरीवर १२.९. १.३ व्होल्ट वाटेतच गडप, आणि शिव्या बॅटरीला. बी प्लसपासून बॅटरीपर्यंत थेट दहा चौरस एमएमची वायर, बॅटरीजवळ ८० अँपिअरचा फ्यूज, अँपिअर मीटर काढून तिथे व्होल्टमीटर. डायनॅमोचा व्होल्टेज सांभाळणारा जुना कटआउटचा डबा भंगारात. या आल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो.

अर्थचं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह वायरच्या बॉडीवरच्या जोडाचं, तर बोलूच नका. रंगावरच बोल्ट आवळतात. खाऱ्या हवेत तिथे गंज चढला की दिवे मिणमिणतात, मग म्हणे आल्टरनेटर कमी पडतो, ९० चा टाका. कशाला? दोन हेडलाइट दहा अँपिअर, वायपर, ब्लोअर, गाण्यांचा टेप धरून तीस अँपिअरच्या आत. आणि एकाच पट्ट्यावर ९० चा टाकलात की भर पावसात पट्टा किंचाळणार.

चार्जिंगच्या दिव्यात एलईडी घालणारे वेगळेच महाभाग. त्या साध्या बल्बमधूनच आल्टरनेटरच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या कॉइलला) पहिला करंट मिळतो हो! एलईडी घातलात तर रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच व्हायचं नाही.

एवढा आरडाओरडा एका वायरवरून! रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली वाटतं. पण बॅटरी जोडलेली ठेवून चॅसीला वेल्डिंग मारणाऱ्यांना माफी नाहीच. आल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) उडतात, आणि बिल येतं आल्टरनेटरच्या नावावर.

आणि ज्यांच्या ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पंप आल्टरनेटरच्या पाठीवर असतो, त्यांनी स्वस्तातला बिनपंपाचा उचलू नये. कशेडी घाटाच्या उतारावर ब्रेक दगडासारखा लागेल.