सगळं मोबाइलवर आहे म्हणे, मग युद्धाचा इतिहास लिहायला अवघड काय?

आमच्या कुर्ल्याच्या सोसायटी ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकलाय, की आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, सरकारी कागद 25 वर्षांनी उघडतातच, आणि लढलेले जवान आहेतच की सांगायला, मग आजच्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रडायचं कशाला. काका, राग मानू नका, पण यातलं एकही नीट टिकत नाही.

कॅमेऱ्याचंच घ्या. मे 2025, ऑपरेशन सिंदूर, 8 तारखेची रात्र आठवते ना? टीव्हीवर कराची बंदर उडवल्याच्या बातम्या चालल्या होत्या, आपल्याच ग्रुपवर स्फोटाच्या क्लिपा धडाधड पडत होत्या, आणि तसं काही झालंच नव्हतं. 4 डिसेंबर 1971 ला नौदलाने खरंच कराचीवर हल्ला केला होता, म्हणून आपल्याला लगेच पटलं असेल. त्याच दिवसांत आर्मा 3 या व्हिडिओ गेमची दृश्यंपण खरी म्हणून फिरली. पुढे कुणी हे तपासायला बसलं तर त्याची वर्षं नुसतं खोटं बाजूला काढण्यात जाणार. बरं, खरं ते तरी राहतं का? सीरियातल्या लोकांनी जिवावर उदार होऊन टाकलेले हजारो व्हिडिओ 2017 मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक सिस्टिमने काढून टाकले.

25 वर्षांचं धोरण संरक्षण मंत्रालयाने 2021 ला आणलं, चांगलंच केलं, पण 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. आणि कागद हातात आला म्हणजे झालं असंही नाही. कारगिलमधल्या बटालिकच्या लढाईबद्दल 2010 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने सांगितलं की तिथल्या ब्रिगेड कमांडरच्या कामगिरीची नोंद करताना वरिष्ठाने पक्षपात केला, ती दुरुस्त करा. मग इतिहासकाराने कुठला कागद धरायचा?

राहिले जवान. माझा मामा 1999 ला द्रासला तोफखान्यात होता. त्याच्या पत्रांवर पत्ता 56 एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा नंबर, एवढाच, आत 'थंडी आहे, काळजी करू नका', बाकी काही नाही. रोजचं सगळं तो एका वहीत लिहायचा, ती आमच्याकडे तळमजल्यावर ट्रंकेत होती आणि 26 जुलै 2005 ला पाणी शिरलं. नेमका कारगिल विजय दिवस. मी पंख्याखाली एकेक पान सुटं करायला गेलो तर हाताला नुसता निळा लगदा लागला.

आता मामा म्हणतो गनवरचा सोबती टोलोलिंग शिखराच्या लढाईच्या वेळी जखमी झाला, तो सोबती स्वतः म्हणतो टायगर हिलच्या वेळी. टोलोलिंग घेतलं 13 जूनला, टायगर हिल 4 जुलैला, मध्ये तीन आठवडे. दोघंही खोटं बोलत नाहीयेत हो. मी दर रविवारी नकाशा घेऊन मामाकडे बसतो, मग सोबत्याला फोन लावतो, तारखा जुळवतो, तीन महिने झाले आणि आम्ही अजून जूनमध्येच आहोत.