प्रोफेशनॅलिझमबद्दलचा 'तो' निकाल अपिलात टिकलेला नाही

'मार्क चांगले असतील तर अमेरिकेतलं मेडिकल कॉलेज प्रोफेशनॅलिझमच्या (म्हणजे डॉक्टरला साजेशा वागणुकीच्या) तक्रारींवरून विद्यार्थ्याला काढू शकत नाही, कोर्टाचा निकाल आहे' असा मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. असा आदेश निघाला होता, पण पुढचं त्यात सांगितलेलं नाही. २०१४ मध्ये ओहायोतल्या फेडरल कोर्टाने केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाला एका विद्यार्थ्याला पदवी द्यायला सांगितलं. जानेवारी २०१५ मध्ये त्यावरच्या सहाव्या सर्किटच्या (ओहायो ज्यात येतं त्या विभागाच्या) फेडरल अपील कोर्टाने तो आदेश फिरवला. दोन्ही निकालपत्रं कुणालाही वाचता येतात. विद्यापीठाने प्रोफेशनॅलिझम अभ्यासक्रमातच धरला होता, त्यामुळे त्याबद्दलचं मत हा शैक्षणिक निर्णय ठरला. आणि अशा निर्णयात कोर्ट सहसा हात घालत नाही.

वागणूक मोजायची कशी आणि कुणी, हा प्रश्न रास्तच आहे. मलाही ती मोजपट्टी फार सैल वाटते. पण रद्द झालेल्या आदेशावर विसंबून कॉलेजच्या कमिटीपुढे गेलात तर पंचाईत होईल. त्यापेक्षा अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एलसीएमई या संस्थेचे निकष बघा: वेळेत नोटीस, पुरावे, उत्तराची आणि अपिलाची संधी कॉलेजने द्यायलाच हवी. ते लेखी मागा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.