जंत पुन्हा होतात, मग गोळी कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रामीण भागातील मुलांच्या जंतांवरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, गोळी दिल्यावर वर्षभरात जंत पुन्हा होत असतील, तर दरवर्षी गोळ्या वाटणे हा अपव्यय आहे आणि तो पैसा शौचालयांवर खर्च व्हायला हवा. यातील पहिले विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, उपचारानंतर बारा महिन्यांनी गोलकृमींचा प्रादुर्भाव मूळ पातळीच्या सुमारे 94 टक्क्यांवर, तर अंकुशकृमींचा 57 टक्क्यांवर पोहोचलेला होता. परंतु हे आकडे किती जणांना जंत झाले एवढेच सांगतात. एकेका मुलाच्या आतड्यात किती जंत आहेत, हे त्यांतून कळत नाही, आणि प्रकृतीवरचा परिणाम मुख्यतः त्या संख्येवर अवलंबून असतो. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती आतड्यात उबत नाहीत. विष्ठेबरोबर बाहेर पडून, ओलसर मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावरच ती संसर्गक्षम होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून तोंडात जातात. म्हणजेच पोटातला प्रत्येक जंत बाहेरून आलेला असतो, आणि गोळीने पडून गेलेले जंत पुन्हा तितक्याच संख्येने साठायला वेळ लागतो. अंकुशकृमी तर आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे आधीच रक्त कमी असलेल्या मुलीच्या दृष्टीने मधले काही महिनेही मोलाचे असतात.

सरसकट गोळ्या दिल्याने मुलांचे सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा शालेय प्रगती फारशी सुधारत नाही, असा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यांचा निष्कर्ष आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. तज्ज्ञांमध्ये त्यावर अजूनही वाद आहे. माझ्या मते, जंत नसलेली आणि मोजकेच जंत असलेली मुलेही त्या सरासरीत धरली जातात, त्यामुळे ज्या थोड्या मुलांच्या पोटात बहुतांश जंत असतात, त्यांचा लाभ त्या आकड्यात झाकला जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रादुर्भाव 20 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तेथे वर्षातून एकदा, आणि 50 टक्क्यांच्या पुढे असेल तेथे दोनदा सामुदायिक औषधोपचार सुचवते. प्रादुर्भाव 20 टक्क्यांहून कमी असेल तेथे आपला आक्षेप मला मान्य आहे.

गोळीला मर्यादा आहेतच. अल्बेन्डाझोल या जंतनाशक औषधाच्या एका मात्रेने चाबूककृमी बऱ्याचदा पूर्णपणे जात नाहीत, आणि जिआर्डियासारख्या एकपेशीय परजीवीवर ती एक मात्रा पुरेशी नसते.

शौचालयांचा आपला आग्रह रास्तच आहे, पण गोलकृमीची अंडी मातीत अनेक वर्षे तग धरू शकतात. म्हणून आज बांधलेल्या शौचालयाचा पूर्ण लाभ आज अंगणात रांगणाऱ्या बाळाला मिळेलच असे नाही, आणि त्याचे वाढीचे वय तोवर थांबत नाही. शिवाय घरात शौचालय असूनही तान्ह्या मुलांची शी निरुपद्रवी समजून परसात टाकली जात असेल, तर तिथली माती दूषितच राहते. शौचालयांवरील खर्चाची मागणी करताना तान्ह्या मुलांची शीही शौचालयातच टाकली जावी, असाही आग्रह आपण धरावा, अशी माझी विनंती आहे.