बॅटरी सीटखाली आहे म्हणून ट्रॅक्टर ‘खोटा’ ठरत नाही

जुने ट्रॅक्टर जमवणाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत एक मजकूर मोबाईलवरून मोबाईलवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘अस्सल जुना ट्रॅक्टर ओळखायचा तर बॉनेट उघडा. बॅटरी बॉनेटखाली, एकच आणि 6 व्होल्टची हवी. सीटखाली किंवा बाजूला असेल तर नंतर बसवलेली. दोन असतील तर जुगाड. प्लस बॉडीला जोडला असेल तर वायरिंग उलटं केलंय. आणि बॅटरीच नसेल तर सामान काढून घेतलंय, भाव पाडा.’

वाचायला छान आहे. भाव पाडायला तर फारच छान. पण एका मॉडेलचं वर्णन उचलून ते जगभरच्या ट्रॅक्टरांना चिकटवलंय, आणि त्या मॉडेललासुद्धा ते धड लागू पडत नाही.

ते मॉडेल म्हणजे अमेरिकेतला फोर्ड: 1939 चा 9एन, 1942 चा 2एन आणि 1947 ते 1952 मधला 8एन. नुसते 8एनच पाच लाखांहून जास्त बनले, म्हणून जुन्या ट्रॅक्टरचा फोटो म्हटला की बहुधा हाच करडा फोर्ड समोर येतो. त्याची बॅटरी खरोखरच बॉनेटखाली असते, इंजिनाच्या मागे आणि डॅशबोर्डच्या पुढे. एकच, 6 व्होल्टची. नियम आला तो इथून.

आता सीटखालची बॅटरी. जॉन डिअरचे दोन सिलिंडरचे ए आणि बी घ्या. 1947 मध्ये कंपनीने त्यांची चौकट बदलली आणि बॅटरीची पेटी थेट सीटखाली नेली. बीचे हे रूप सीरियल नंबर 201000 पासून सुरू होते, एचे 584000 पासून. या ट्रॅक्टरांत सीटखाली बॅटरी नसेल तरच प्रश्न विचारायचा. फिरणाऱ्या मजकुराच्या हिशोबाने मात्र कारखान्यातून जसाच्या तसा आलेला बी बाद, आणि कुणी बॅटरी उचलून पुढे बॉनेटखाली कोंबलेला बी पास!

दोन बॅटऱ्यांचंही तसंच. 1963 मध्ये आलेल्या जॉन डिअर 4020 च्या डिझेल मॉडेलला कारखान्यानेच 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिल्या. सेल्फ फिरवताना त्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे 24 व्होल्ट. दिव्यांसाठी मात्र भार दोघींत वाटलेला. 1969 मध्ये कंपनीने ही भानगड सोडून सरळ 12 व्होल्ट घेतले. म्हणजे त्याच्या आधीच्या डिझेल 4020 वर 24 व्होल्टची जोडणी दिसली तर ती मूळची, आणि सगळं 12 व्होल्टवर चालत असेल तर बदललेली. ही जोडणी समजून घेणं मेकॅनिकांना नकोसं होतं, म्हणून पुष्कळांनी ती काढून टाकली. त्यांना दोष देता येत नाही. पण ‘दोन म्हणजे जुगाड’ हे वाक्य इथे बरोबर उलटं पडतं.

व्होल्टचा मुद्दा अर्धा खरा आहे. फोर्ड 8एनमध्ये 12 व्होल्टची बॅटरी असेल तर बदल झालाय हे नक्की. त्यासाठी जागा बघायची गरजच नाही, बॅटरीवरची झाकणं मोजा: 6 व्होल्टला तीन, 12 ला सहा. बंद झाकणाची बॅटरी असेल तर ती चार्ज करणारा डायनॅमो बघा. गोल लांबट डायनॅमोच्या जागी घरी बनवलेल्या पट्टीवर अल्टरनेटर लटकत असेल तर उत्तर मिळालं. अधूनमधून चार झाकणांची बॅटरीही सापडते. ती 8 व्होल्टची. थंडीत सेल्फ जोरात फिरावा म्हणून अमेरिकी शेतकरी 6 व्होल्टच्याच ट्रेमध्ये ती बसवत. जागा तीच, आकार जवळपास तोच, तरीही बदल! जागेवरून निकाल देणाऱ्याला ही कधीच सापडणार नाही.

प्लस बॉडीला जोडलेला असणं ही तर चूकच नव्हे. फोर्डचे हे सगळे एन ट्रॅक्टर मूळचेच पॉझिटिव्ह अर्थिंगचे. फोर्डच्या मोटारीही 1955 पर्यंत तशाच होत्या, आणि ब्रिटिश गाड्यांत ही पद्धत साठच्या दशकापर्यंत चालली. उलट 8एनमध्ये मायनस बॉडीला दिसला तर पुढचं वायरिंग तपासायला घ्या. इथे चुकीच्या सल्ल्याचा खर्चही होतो: मूळ डायनॅमो तसाच ठेवून ‘उलटं वायरिंग सुलटं’ करायला गेलात तर डायनॅमोची ध्रुवता (प्लस-मायनसची दिशा) बदलून घ्यावी लागते, नाहीतर चार्जिंगचा घोळ होऊन रेग्युलेटर जळू शकतो. चालू ट्रॅक्टर बंद पाडायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

आणि बॅटरीच नसेल तर? इंग्लंडमधल्या गेन्सबरोचा फील्ड-मार्शल ट्रॅक्टर हँडल मारून किंवा बंदुकीसारखी काडतूस उडवून सुरू होई. जर्मनीतल्या मानहाइमचा लान्झ बुलडॉग ट्रॅक्टर सुरू करायला आधी ब्लोलॅम्पने इंजिनाचं डोकं तापवत, मग स्टिअरिंगच काढून ते बाजूला खुपसून इंजिन फिरवत. अशा यंत्रावर बॅटरीची जागा शोधणं व्यर्थ आहे.

पण सगळ्यात मजेदार गोष्ट खुद्द फोर्डचीच. युद्धामुळे रबर आणि तांबं मिळेना, तेव्हा 1942 मध्ये 2एन आला तो लोखंडी चाकांवर, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) घेऊन. बॅटरी नाही, सेल्फ नाही, हँडल मारा आणि चालवा. पुढे माल मिळू लागल्यावर कारखान्याने रबरी टायर आणि बॅटरी परत दिली, आणि ज्यांच्याकडे आधीचे होते त्यांनी ते सामान नंतर जोडून घेतलं. म्हणजे आज एखाद्या 2एनमध्ये बॅटरी अगदी ‘योग्य’ जागी, बॉनेटखाली, फोर्डच्याच ट्रेमध्ये बसलेली दिसेल, आणि तरीही त्या यंत्रापुरती ती नंतरची असेल. शेजारचा बॅटरी नसलेला 2एन मात्र पूर्ण मूळचा. सीरियल नंबरही चटकन मदत करत नाही, कारण 2एनच्या इंजिनावरसुद्धा नंबराची सुरुवात ‘9एन’ अशीच ठोकलेली असते. त्या नंबरवरून ‘हा तर 1939 चा’ म्हणून जादा पैसे मोजणारेही असतात.

मग बघायचं काय? आधी त्या मॉडेलचं, त्या सालचं पार्ट्स बुक. त्यातल्या चित्रात पेटी, ट्रे आणि पट्टी कुठे आहे ते पाहायचं. त्यानंतर लोखंड. पत्र्यातलं कारखान्याचं भोक बहुधा प्रेसने पाडलेलं, कडा एकसारख्या. नंतरचं ड्रिलचं, किंवा गॅसने कापून वेडंवाकडं. रिकामी भोकं दिसली तर तिथे काहीतरी होतं असं समजा, आणि भोकाच्या आतल्या कडेला जुना रंग आहे का ते नखाने खरवडून बघा. वेल्डिंगचा जाड ओघळ पत्र्याच्या पेटीवर दिसला तर तो बहुधा गावच्या गॅरेजचा. बॅटरीच्या ॲसिडने खाल्लेलं लोखंड रंगाखालीही खडबडीत राहतं. बॅटरी आज बाजूच्या पेटीत आहे, पण डॅशबोर्डपुढच्या रिकाम्या जागेखाली क्लचचं घर चरे पडल्यासारखं झालंय, तर ती पूर्वी कुठे होती हे वेगळं विचारायला नको.

केबलही बोलतात. 6 व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ केबल बोटाएवढी जाड आणि अर्थिंगची पट्टी चपटी, विणलेली. बॅटरी लांब नेलेली असेल तर मध्ये जोड दिलेला असतो किंवा मोटारीची बारीक केबल ओढलेली असते, आणि सेल्फ मलूल फिरतो.

चकचकीत नवा ट्रे मात्र कशाचाच पुरावा नाही. ट्रे ॲसिडने सडतातच, आणि फोर्डच्या मापाचे नवे ट्रे अमेरिकेत सर्रास विकत मिळतात. विकणारा त्याकडे बोट दाखवून ‘ओरिजनल’ म्हणाला तर ट्रे उचलायला सांगा आणि खालचे बोल्ट बघा.