‘आत क्षेत्र शून्य’ हे रोधकाला लागू नाही

प्रवेशपरीक्षा जवळ आल्या की ही युक्ती हातोहात फिरते: “प्रभारित गोल दिसला की आतलं विद्युत क्षेत्र शून्य. गाऊसच्या पृष्ठाबाहेरचा प्रभार क्षेत्र देतच नाही. पृष्ठाच्या आत प्रभार नसेल, तर तिथे क्षेत्रही नाही.” (विद्युत क्षेत्र म्हणजे एकक प्रभारावर लागणारं बल; गाऊसचं पृष्ठ म्हणजे हिशेबासाठी कल्पनेने काढलेलं बंद पृष्ठ.) तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि मुलांचे गुण त्यावर जातात म्हणून हे लिहितोय.

पहिलं वाक्य सुवाहकाचं, म्हणजे धातूसारख्या वीज वाहू देणाऱ्या पदार्थाचं. तिथे प्रभार मोकळे असतात, आतलं क्षेत्र शून्य होईपर्यंत सरकत राहतात. रोधकात, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या पदार्थात, प्रभार ठेवला तिथेच राहतो. १० सेंमी त्रिज्येच्या गोलात १ नॅनोकुलोम प्रभार सगळीकडे सारखा पसरलाय असं धरा (पदार्थाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या रेणूंमधले प्रभार किंचित सरकणं, सोडून देऊ). गाऊसचा नियम सांगतो की बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स (क्षेत्र आणि क्षेत्रफळ यांचा पृष्ठभरचा हिशेब) आतल्या प्रभाराच्या प्रमाणात असतो. केंद्राभोवती ५ सेंमी त्रिज्येचं गोल पृष्ठ काढलं, तर आत आलेला प्रभार एक अष्टमांश, पृष्ठाचं क्षेत्रफळ मात्र एक चतुर्थांश. म्हणून क्षेत्र निम्मं: गोलाच्या पृष्ठभागावर ९००, इथे ४५० न्यूटन प्रति कुलोम. शून्य फक्त केंद्रात.

दुसरं. त्या ५ सेंमीच्या पृष्ठाबाहेरच्या थरातला कणन्‌कण आत क्षेत्र निर्माण करतोच. फक्त बेरीज शून्य येते. आतल्या बिंदूतून दोन्हीकडे उघडणारा अरुंद शंकू काढा. गोलाला तो दोन्ही टोकांना सारख्याच तिरकस कोनात छेदतो. एका बाजूचा थर दुप्पट अंतरावर असेल, तर तिथे प्रभार चौपट सापडतो आणि अंतरामुळे परिणाम चौपट घटतो. फिटंफाट! घनाकृती ठोकळ्यात हे जमत नाही. गाऊसचा नियम तिथेही खराच, पण क्षेत्र पृष्ठावर सगळीकडे सारखं नसतं, म्हणून ते इंटिग्रलच्या (पृष्ठभरच्या बेरजेच्या) बाहेर काढता येत नाही. एकूण फ्लक्स तेवढा कळतो.

तिसऱ्याचं उत्तर मला सगळ्यात सुंदर वाटतं. त्याच घनतेच्या गोलात, केंद्रापासून ३ सेंमी बाजूला केंद्र असलेली छोटी गोल पोकळी कोरा. पोकळीत प्रभार शून्य. आता तिच्याकडे असं बघा: अख्खा भरीव गोल, आणि पोकळीच्या जागी तेवढ्याच घनतेचा ऋण गोल. दोघांचं क्षेत्र आपापल्या केंद्रापासून बिंदूपर्यंतच्या सदिशाच्या (लांबी आणि दिशा असलेल्या बाणाच्या) एकाच पटीत, चिन्हं उलट. बेरीज केली की बिंदूची जागा समीकरणातून निघून जाते. उरतो दोन केंद्रांना जोडणारा सदिश. म्हणजे पोकळीभर एकाच दिशेचं, एकाच मूल्याचं क्षेत्र: २७० न्यूटन प्रति कुलोम. जितक्या रेषा पोकळीत शिरतात तितक्याच बाहेर पडतात, म्हणून फ्लक्स तेवढा शून्य.