‘बुडून मृत्यू’ हे पूर्ण उत्तर नाही

स्कूबा डायव्हर, म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जाणारा, दगावला की ‘ऑक्सिजन संपला, सरकारी कागदावरही बुडून मृत्यू लिहिलंय’ असा मेसेज फिरतो. साध्या सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो, दाबाखालची हवा असते. त्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. ती संपणं हे मोठं कारण आहे, एवढं खरं. पण ‘बुडून’ हा बहुधा शेवटचा टप्पा. २००८ साली ९४७ मृत्यूंचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दिसतं, की बुडण्याआधीच अनेकांना रक्तवाहिनीत शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी किंवा हृदयविकाराने गाठलं होतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचे अहवाल उपयुक्त आहेत, पण ती सरकारी संस्था नव्हे. अधिकृत निष्कर्ष हवा तर जिथे घटना घडली तिथल्या तपासयंत्रणेकडेच मागावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.